लिनक्स आला तो उन्हाळा

काल संध्याकाळी आंधी आली. पश्चिमेकडचं आकाश आधी पिवळं आणि मग मातकट झालं, समोरच्या ब्लॉकमधून कुणीतरी ‘अरे, कपडे उतार लो’ म्हणून ओरडलं, आणि मी उठेपर्यंत जेवणाच्या टेबलावर बारीक वाळूचा थर बसलाही होता. खिडक्या लावल्या तरी ही धूळ आत येतेच. इतकी वर्षं दिल्लीत, मयूर विहारमध्ये काढल्यावर एक शहाणपण आलंय: ती पुसायला लगेच उठायचं नाही. एक आंधी गेली की दुसरी येते. मी तशीच बसून राहिले. शिरीष आत झोपला होता. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक चौकट उघडली होती आणि तीत मराठीत विचारलं होतं, ‘अद्ययावत करायचे आहे का?’ मी ‘नंतर’ निवडलं.

हल्ली मी बहुतेक गोष्टींना ‘नंतर’ म्हणते. पण तो मराठी शब्द त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो उन्हाळा मात्र अजून अंगावर आहे. घाम वाळला की मानेवर मीठ राहतं, तसा.

शिरीष माझा नवरा. नोएडातल्या एका टीव्ही बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर होता. आमचं लग्न झालं तेव्हा त्या टीव्हीला नाव होतं. पुण्याच्या लग्नकार्यांत आमची ओळख ‘दिल्लीचे टीव्हीवाले’ अशी करून दिली जायची. मग बाजार उघडला. परदेशी कंपन्यांचे टीव्ही आले, त्यांची चकचकीत दुकानं आली, जुना टीव्ही द्या आणि नवा न्या असे फलक लागले. नोएडातल्या शेडमध्ये एकेक लाइन बंद होत गेली आणि एका मार्च महिन्यात गेटला कुलूप लागलं. त्या दिवशी शिरीष नेहमीच्या वेळेला घरी आला, स्वतःचा डबा स्वतःच घासून ओट्यावर उपडा ठेवला आणि म्हणाला, “उद्यापासून डबा नको करूस.” एवढंच. रेवा, आमची मुलगी, सातवीत होती. तिला वाटलं, बाबांना सुट्टी लागली.

मी एका सरकारी खात्यात अनुवादक होते. मेट्रो तेव्हा आमच्या बाजूला आलेली नव्हती. सकाळी सोसायटीच्या कोपऱ्यावर चार्टर्ड बस यायची. तीत प्रत्येकाची जागा ठरलेली. थंडीत बायका मटार सोलायच्या, विणायच्या. मे महिन्यात मात्र कुणी काही करायचं नाही. ओला रुमाल डोक्यावर टाकून सगळ्या जणी डोळे मिटून बसायच्या. खिडकीतून आत येणारी ती गरम वाऱ्याची लू भट्टीचं दार उघडल्यासारखी लागायची. पूल ओलांडताना खाली यमुना म्हणून एक काळा पट्टा दिसायचा. पुढे रस्त्याकडेला बहावा फुललेला असायचा, पिवळाधमक, त्या उन्हाची पर्वा नसलेला. मी एकदा रेवाला ‘तो बघ बहावा’ म्हटलं तर ती म्हणाली, “अच्छा, अमलतास?” मी हो म्हटलं. दिवसभर इंग्रजी पत्रांची हिंदी करून परत येताना एका झाडाच्या नावावरून वाद घालायचं त्राण उरत नसे.

मराठी माझ्याकडे फक्त घरच्या कामापुरती उरली होती. ते काम म्हणजे माहितीपुस्तिका. नव्या कंपन्यांना त्यांच्या धुलाईयंत्रांच्या, फ्रिजच्या, टीव्हीच्या पुस्तिका सगळ्या भारतीय भाषांत हव्या असत. लाजपत नगरमधल्या एका एजन्सीचे भाटियाजी ते काम वाटायचे. मराठी माझ्याकडे यायची. ज्या कंपन्यांच्या टीव्हींनी शिरीषच्या शेडला कुलूप लावलं, त्यांचीच पुस्तकं मी रात्रीचा स्वयंपाक आटपून मराठीत आणत होते. हे आम्हा दोघांना माहीत होतं. दोघांनीही ते कधी उच्चारलं नव्हतं.

संगणक आम्ही नेहरू प्लेसहून सुटे भाग आणून जोडला होता. त्यात घातलेली विंडोज कुणाकडून तरी उतरवून घेतलेली, फुकटची. त्या काळी सगळ्यांच्याच घरी तशी असायची आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. एप्रिलच्या शेवटी त्यात व्हायरस शिरला. मशीन चालू व्हायचं, पाच मिनिटं धपापायचं आणि बंद पडायचं. बाहेर लाइट जायची, आत मशीन जायचं; कशामुळे काय गेलं हेही कळेनासं झालं.

त्या दिवसांत शिरीष सकाळी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती वाचायचा, दुपारी कूलरमध्ये पाणी भरायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत त्याला काही काम नसायचं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आणि त्याचं ते नुसतं बसणं माझ्या मनात अजून एकत्रच आहे. एके दिवशी मी ऑफिसमधून आले तर तो संगणकासमोर बसला होता. शेजारी संगणकाचं एक मासिक उघडं पडलेलं. त्याच्यासोबत एक सीडी फुकट आली होती.

“तुझ्या सगळ्या फायली उतरवून ठेवल्यात,” मी चप्पल काढायच्या आत तो म्हणाला. “काही गेलेलं नाही. पण आता यात लिनक्स आहे.”

“म्हणजे काय?”

“विंडोजसारखंच, पण वेगळं. जगभरचे लोक मिळून बनवतात. फुकट आहे, आणि चोरीचं नाही.”

“चालतं ना सगळं?”

“चालेल,” तो म्हणाला. ‘चालतं’ आणि ‘चालेल’ यांतला फरक मला त्या क्षणी कळायला हवा होता. पण मला फक्त चहा हवा होता.

पुढचे काही दिवस काहीच चालत नव्हतं. आवाज गेला. प्रिंटरने कागद ओढून कोराच बाहेर टाकला. मोडेम फोन लावायचा, कुईकुई करायचा आणि गप्प व्हायचा. रोज संध्याकाळी जिना चढताना मला वाटायचं, आज काय नसेल? नवी सिस्टिम म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात कुणीतरी सगळे डबे हलवून ठेवावेत तसं. मीठ आहे, साखर आहे, पण हात जातो तिथे नाही. आणि दमलेल्या माणसाचं सगळं आयुष्य हात जातो तिथे वस्तू असण्यावर चाललेलं असतं.

शिरीषला मात्र त्यात काहीतरी सापडलं होतं. तो सायबर कॅफेत जाऊन पानंच्या पानं उतरवून आणायचा, परदेशातल्या अनोळखी लोकांना प्रश्न विचारायचा, त्यांची उत्तरं वाचून पुन्हा खटपटीला लागायचा. एका दुपारी आवाज आला. रेवा नाचलीच. तिला एका खेळात बर्फावरून पोटावर घसरणारा पेंग्विन मिळाला, आणि बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असताना आमच्या घरात तो पेंग्विन तासन् तास घसरत राहिला.

“असं काय आहे रे यात?” मी एकदा विचारलं.

तो जरा विचार करून म्हणाला, “बिघडलं तर उघडून बघता येतं. आता बघ, टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही. आतला बोर्ड काढतात, दुसरा लावतात. काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही.” आणि पुन्हा पडद्याकडे वळला. त्याच्या बनियनची पाठ घामाने भिजलेली होती.

मग एक दिवस त्याने पडद्यावरचे शब्द मराठीत करून दिले. कुणीतरी कुठेतरी बसून ते भाषांतर केलं होतं, आणि पुरतं झालेलं नव्हतं. त्यामुळे ‘संपादन’च्या शेजारी इंग्रजी शब्द, ‘मदत’च्या खाली पुन्हा इंग्रजी. अर्धं मराठी, अर्धं दुसरंच. आमच्या घरात बोलतात तसं. रेवा मोठ्याने वाचायची. “आई, ‘पूर्वावलोकन’ म्हणजे? ‘जतन करा’ म्हणजे सेव्ह ना? यार, किती कठीण आहे!” पण आठवडाभरात ती “आई, मी जतन केलं हं” असं म्हणायला लागली. तिला मी शिकवायला बसले असते तर शिकली नसती. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पोळ्या लाटायचे.

खरी अडचण निराळीच होती. एजन्सीला माझा मजकूर त्यांच्याच एका जुन्या फाँटमध्ये लागे, आणि तो टाइप करायचा प्रोग्रॅम या नव्या सिस्टिममध्ये उघडतच नव्हता. इथे मराठी टाइप होत होतं, सुरेख होत होतं, पण ती फाइल भाटियाजींकडे गेली की सगळीकडे चौकोन. “मॅडम, यह तो डिब्बे-डिब्बे आ रहे हैं,” ते फोनवर म्हणाले. “परसों प्रेस में देना है.”

परत विंडोज घाल, असं मी म्हणू शकले असते. ते ओठांवर यायचं आणि शिरीषचा चेहरा बघून मी गिळायचे. म्हणून ऑफिसहून येताना बसमधून उतरले की घरी न जाता मार्केटमधल्या सायबर कॅफेत बसायचे आणि तिथल्या विंडोजवर टाइप करायचे. शेजारी कॉलेजची मुलं चॅट करत हसायची. पंखा फक्त मालकाच्या डोक्यावर.

एका संध्याकाळी शेवटची पानं होत आली असताना लाइट गेली. कॅफेचा यूपीएस एकदा कण्हला आणि बंद पडला. सगळं गेलं. मालक म्हणाला, “सॉरी आंटी.” मला आंटी म्हणवून घ्यायचं वय तेव्हा नव्हतं. मी घरी आले. घरातही अंधार. शिरीष बाल्कनीत उभा होता.

“किती उशीर केलास,” तो म्हणाला.

“पुन्हा सगळं टाइप करायचंय. सगळं गेलं.” आणि मग मला राहवेना. “घरात धड संगणक असून मी बाजारात बसून काम करते, शिरीष. तुझ्या प्रयोगापायी.”

तो बाल्कनीच्या कठड्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, “काम त्यांचंच ना? त्या टीव्हीवाल्यांचं?”

“त्यांचंच. दुसरं कुणी देत नाही.”

“तसं नाही म्हणत मी.”

“मग कसं म्हणतोयस?”

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला आणि धुराचा वास वर आला. त्या आवाजात त्याने काही उत्तर दिलं असेल तर ते मला ऐकू आलं नाही. रेवा मेणबत्ती घेऊन दारात उभी होती. “आई, खरबूज कापू?” तिने विचारलं. आम्ही तिघांनी अंधारात बसून खरबूज खाल्लं. गोड नव्हतं.

रविवारी सकाळी शिरीष म्हणाला, “तुझ्या जुन्या पुस्तिकांपैकी एक छापलेली दे. आणि तिचीच फाइल कुठली ते दाखव.”

“कशाला?”

“त्यांच्या फाँटमध्ये आपल्या अक्षरांच्या जागी कुठली खूण बसते, त्याचा तक्ता करतो. मग तू इथेच टाइप कर, मशीन त्यांच्या खुणांत बदलून देईल. मात्र तुला वाचून दाखवावं लागेल. अक्षर अन् अक्षर.”

मला झोपायचं होतं. आठवड्याची झोप त्या एका दिवसावर असायची. पण त्याच्या आवाजात मार्चपासून न ऐकलेलं काहीतरी होतं: घाई. मी कपाटातून हाताला लागली ती पुस्तिका काढली आणि त्याच्या शेजारी वेताचा मोढा ओढून बसले. हातात आली ती टीव्हीची.

मी वाचायचे, तो पडद्यावरच्या निरर्थक चिन्हांतून ते अक्षर शोधायचा. ऱ्हस्व वेलांटीपाशी आम्ही पहिल्यांदा अडलो. बोलताना ती नंतर येते, त्या फाँटमध्ये ती आधी. रफाराचं त्याच्या उलट. तो डोकं खाजवायचा, मी कागदावर काढून दाखवायचे. दिल्लीतला तो फाँट मुळात हिंदीसाठी केलेला. ‘ळ’ कुठेतरी कोपऱ्यात दडवलेला, आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर सापडेचना; अखेर सापडला तो सगळ्या अक्षरांनंतर, एकटाच. “पाव्हण्यासारखा बाहेर बसवलाय,” शिरीष म्हणाला आणि कित्येक दिवसांनी हसला. रेवा जमिनीवर पोटावर पडून ‘ळ’चे शब्द पुरवत होती. बाळ, केळं, उन्हाळा. मग तिचे संपले. मी म्हटलं, “वाळा.” तिला माहीत नव्हता. मी कूलरकडे बोट दाखवलं. “तो तर खस आहे,” ती म्हणाली.

दुपारी आम्ही शेवटच्या पानांवर आलो. सुरक्षिततेच्या सूचना. मी न थांबता वाचत होते, इतक्यांदा लिहिलेलं की त्याचा अर्थही मला जाणवत नव्हता. “संच भिंतीपासून थोडा दूर ठेवावा. हवेची छिद्रे झाकू नयेत. मागचे झाकण उघडू नये. आत उच्च विद्युतदाब असतो.”

शिरीषचे हात थांबले.

“हे वाक्य आमच्याही पुस्तकात होतं,” तो म्हणाला.

“सगळ्यांच्याच असतं.”

“आमच्यातलं मी लिहिलं होतं. इंग्रजीत. नवीन लागलो होतो तेव्हा. साहेबांनी बसवलं होतं लिहायला.” तो पडद्याकडेच बघत होता. “शेडमध्ये त्या सीझनला एकाला शॉक बसला होता. टीव्ही बंद होता, म्हणून त्याने हात घातला. ट्यूबमध्ये चार्ज राहतो. त्यानंतर ते वाक्य घातलं.”

“वाचला का तो?”

“वाचला. दोन बोटं कायमची बधिर झाली. गेट बंद झालं त्या दिवशी तोही होता. माझा हात धरून म्हणाला, साहब, आप कहीं लगो तो मुझे भी देखना.” त्याने चष्मा काढला. “कुठे बघू मी त्याला?”

रेवा उठून बसली होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ तापलेली होती, त्या घरातल्या प्रत्येक वस्तूसारखी. तो हुंदका वगैरे देऊन रडला नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि तो ते पुसायच्या भानगडीत पडला नाही. कूलर घरघरत होता. मार्चपासून आमच्या घरात कुलूप लागलं होतं ते बहुतेक त्या दुपारी निघालं. पण त्या वेळी असं काही वाटलं नाही. त्या वेळी फक्त फार थकवा आला.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “‘उच्च विद्युतदाब’ काय लिहितेस? वाचून कुणी घाबरणार आहे का त्याला? लिही, बंद केल्यानंतरही धक्का बसतो.”

नव्या पुस्तिकेत मी तसं लिहिलं. फाइल घरीच टाइप केली, त्याच्या तक्त्याने बदलून घेतली, पाठवली. भाटियाजींचा फोन आला. “खुल गई, मॅडम. एकदम साफ है.” मग जरा थांबून, “बस एक लाइन ओरिजिनल में नहीं है. शॉक वाली. वह निकाल रहे हैं.” मी वाद घालून पाहिला. ते शांतपणे म्हणाले, “कंपनी पास नहीं करेगी, मॅडम.” मी शिरीषला सांगितलं. तो “हं” म्हणाला आणि प्रिंटरमागची वायर काढायला वाकला.

जूनच्या शेवटी त्याला गुडगावात काम मिळालं. एका कॉल सेंटरमध्ये संगणकांची देखभाल. पद खालचं, साहेब त्याच्याहून लहान, आणि पाळी दुपारची. परत यायला मध्यरात्र उलटायची. तिथे सगळं विंडोजच होतं, आणि मशीन बिघडलं की उघडायचं नाही, बदलायचं. त्याने तक्रार केली नाही. त्या बोटं बधिर झालेल्या माणसाला पुढे त्याने तिथेच, सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर लावून घेतलं. तेवढंच जमलं, असं तो अजून म्हणतो.

लोक मला विचारतात, तुम्ही हे लिनक्स का वापरता? रेवाचा नवरा तर दर दिवाळीला विचारतो. मी ‘सवय’ म्हणते. ते खोटं नाही. मध्ये किती संगणक आले आणि भंगारात गेले. माहितीपुस्तिकांचं काम संपलं, फाँटांची ती भांडणं संपली, आता सगळीकडे मराठी आपोआप दिसतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. आम्ही दोघं निवृत्त झालो. मेट्रोने अर्ध्या तासात कुठेही जाता येतं आणि आम्ही कुठे जात नाही. सिस्टिम मात्र तीच. तिच्यासाठी मोठं काही केलं, कशाविरुद्ध उभे राहिलो, असं मला कधी वाटलं नाही. एका वाईट उन्हाळ्यात ती घरात आली आणि राहिली.

पण सवय लागली ती त्या जुलैत. पाऊस लांबलेला, हवा चिकट. मी घरी यायचे तेव्हा शिरीष गेलेला असायचा, आणि तो यायचा तेव्हा मी झोपलेली. सकाळी मी बस पकडायचे तेव्हा तो झोपलेला. एका घरात राहून आमची रविवारखेरीज भेट होत नव्हती. मग एका संध्याकाळी प्रिंटर अडला आणि मी त्याच्या ऑफिसात फोन लावला. मागे शेकडो माणसं इंग्रजीत बोलत होती. त्या कोलाहलात तो हळू आवाजात, मराठीत, मला एकेक अक्षर सांगत गेला. संगणकाला हुकूम द्यायच्या काळ्या चौकटीत मी ते टाइप करत गेले. प्रिंटर चालला.

दुसऱ्या दिवशी आवाजाचं काहीतरी झालं. तिसऱ्या दिवशी मोडेमचं. नंतर नंतर काही दिवसच खरोखर काही बिघडलेलं असायचं; बाकीचे दिवस मी नुसताच फोन लावायचे.

एकदा त्याने फोन उचलून विचारलं, “आज काय?”

मी म्हटलं, “काही नाही.”

मागे कुणीतरी कुणाची तरी इंग्रजीत क्षमा मागत होतं. मला वाटलं आता ठेवेल.

“काळी चौकट उघड,” तो म्हणाला. “उघडलीस? आता टाइप कर. सी. ए. एल. एंटर.”

मी केलं. पडद्यावर त्या महिन्याचं कॅलेंडर उमटलं, ओळीने आकडे, आजची तारीख उजळलेली.

“आलं?”

“आलं.”

“रविवार कधी आहे बघ.”

मी बघितलं. “परवा.”

“परवाच ना,” शिरीष म्हणाला. “बघ, आहे की.”